हो खंयचो देव?

वेंगुर्ल्याच्या आमच्या घरात, माजघराच्या चिऱ्याच्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींची एक रांग होती. तीत रविवर्म्याच्या छापाची, एका कोपऱ्यात ओल खाल्लेली लक्ष्मी होती, दत्तगुरू होते, कोणीतरी पंढरपूरहून आणलेला विठोबा होता, आणि त्यांच्या शेजारी, किंचित खाली टांगलेली, एक सोनेरी तसबीर होती. आजी रोज तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की रांगेतल्या प्रत्येक तसबिरीपुढे उदबत्ती फिरवीत असे. त्या शेवटच्या तसबिरीपुढेही ती तितक्याच भक्तीने फिरे, आणि ती नेमक्या कोणत्या देवाची आहे हे मात्र आजीला ठाऊक नव्हते. त्या चित्रात एक बाई बसलेली होती, एक दाढीवाला पुरुष उभा होता, एक मुलगा होता, आणि तिघांच्याही डोक्यामागे सोन्याची वलये होती. वलये आहेत म्हणजे देवच, यापलीकडे आजीने चौकशी केलेली नव्हती. शिवाय ती तसबीर तिच्या मुलीने विलायतेहून पाठवलेली होती, म्हणजे देवाच्या खालोखाल तरी तिची योग्यता होतीच.

ती मुलगी म्हणजे माझी आत्या. गावात तिला सगळे ‘सिस्टर’ म्हणत. २०१७च्या पावसाळ्यात, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ती गेली. तेराव्यानंतर गावातल्या काही मंडळींनी शोकसभा घेतली. वक्ते चांगले होते, मनापासून बोलले. पण तासाभरात ‘सेवा’ हा शब्द इतक्या वेळा आला, की मला आत्याऐवजी एखादी समई डोळ्यांसमोर दिसू लागली. त्याग, करुणा, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, परदेशात राहूनही मातीला न विसरणे. परिचारिकेविषयी बोलायचे म्हटले, की आपल्याकडे भाषण आपोआप या उतारावरून घसरत जाते. तीस वर्षांहून अधिक काळ या बाईने आपल्या बहुतेक सुट्ट्या चित्रांपुढे उभे राहून घालवल्या, ही गोष्ट त्या तासाभरात कोणीही काढली नाही. मीही काढली नाही. आभार मानायला उभा राहिलो, तेव्हा ती जिभेवर आली होती; पण त्या सभेत ती सांगितली असती तर तिचाही ‘छंद’ झाला असता, आणि छंद हा शब्द मला तिच्यासाठी सेवेहूनही अपुरा वाटतो.

चित्रांचा नाद तिला विलायतेत लागला असे आमचे नातेवाईक समजत. ते खरे नाही. आमच्या वाडीत गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, होती. श्रावण सुरू झाला की घराघरांतून मूर्तीसाठी तिथे पाट जात, आणि चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात रंगकाम चाले. आत्या सात-आठ वर्षांची असल्यापासून त्या पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसून असे. बाकीच्या पोरांना मुकुटाचे सोनेरी काम आणि उंदीर यांचे आकर्षण. हिला आखणी बघायची असे. आखणी म्हणजे डोळे काढणे. मूर्ती पूर्ण रंगून झाल्यावर, सगळ्यांत शेवटी, बारीक कुंचल्याने भुवई, पापणीची रेघ आणि बुबुळ काढायचे. त्या वेळी शाळेत कोणी बोलायचे नाही, कोणी उठायचे नाही. मूर्तिकार श्वास रोखून रेघ ओढी, आणि आत्या सांगे, की त्याच्याबरोबर तिचाही श्वास आपोआप रोखला जाई. एक क्षण आधी तिथे शाडूचा गोळा असतो आणि रेघ पुरी झाली की तो आपल्याकडे बघू लागतो, हे तिने दरवर्षी पाहिले आणि दरवर्षी तिला ते नवे वाटले. पुढे वॉर्डात, मरणाच्या दारात असलेल्या माणसाच्या डोळ्यांत याच्या उलटे घडताना तिने किती वेळा पाहिले असेल, ते तिने कधी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

ती परिचारिका झाली ती त्यागासाठी नव्हे, हेही एकदा लिहून ठेवले पाहिजे. कोकण त्या काळी मनीऑर्डरीवर जगत होते. घरटी एक पुरुष मुंबईत, गिरणीत किंवा गोदीत; तो महिन्याला पैसे पाठवी आणि चतुर्थीला, शिमग्याला घरी येई. त्याला आम्ही चाकरमानी म्हणतो. हा शब्द स्त्रीलिंगी वापरून पाहा, जीभ अडखळते. कारण बायकांनी मागे राहून शेती करायची, आणि म्हातारे, गुरे, मुले सांभाळायची, असाच तो हिशेब होता. आत्याला तो हिशेब मान्य नव्हता. मॅट्रिक झाल्यावर एका ओळखीच्या बाईंच्या मदतीने ती मिरजेला, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी उभारलेल्या मिशन रुग्णालयात, नर्सिंग शिकायला गेली. तिथे तिने सगळे निमूट शिकून घेतले. आणि मग १९६३ मध्ये, घरात कोणालाही न विचारता, तिने विलायतेच्या नोकरीचा अर्ज केला. पासपोर्ट हातात पडल्यावरच तिने घरी सांगितले. आजी चुलीपुढे बसली होती. ती एवढेच म्हणाली, “असां कित्याक केलंस गो?” आणि फुंकणी उचलून चूल फुंकू लागली. आत्याने उत्तर दिले नाही. या दोन ओळींचा संवाद आमच्या घरात सात वर्षे अर्धवट पडून राहिला.

वेंगुर्ल्याच्या बंदरातून पडावाने आगबोटीपर्यंत, आगबोटीने मुंबईपर्यंत, आणि मुंबईहून अँकर लाइनच्या ‘सर्केशिया’ या बोटीने कराची, एडन, सुएझ असे करीत साधारण तीन आठवड्यांनी लिव्हरपूल. तिथे पोहोचली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. ज्या वर्षी इंग्लंडभरच्या मुलींना बीटल्सच्या गाण्यांनी वेड लावले त्याच वर्षी आत्या त्यांच्या गावात, लिव्हरपूलला, उतरली, आणि हे कळल्यावर लोक तिला हटकून त्यांच्याविषयी विचारीत. तिचे उत्तर ठरलेले असे: “ते माझ्या वॉर्डात नव्हते.”

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली आणि पहिल्यापासूनच तिला माणसे कमी पडत होती. आत्याच्या वसतिगृहात आयर्लंडच्या, जमैकाच्या, बार्बाडोसच्या, मलायाच्या आणि केरळच्या मुली होत्या. तिथे परिचारिकांच्या दोन पायऱ्या होत्या. एक तीन वर्षांच्या शिक्षणाची, स्टेट रजिस्टर्ड. दुसरी दोन वर्षांची, स्टेट एन्रोल्ड, जिच्यात बढतीची वाट जवळजवळ बंद असे आणि जिला मायदेशी फारसे कोणी विचारीत नसे. बाहेरून आलेल्या कितीतरी मुलींना फरक नीट समजावून न सांगता दुसऱ्या पायरीवर बसवले गेले. आत्याही त्यांतच बसली. मिरजेला सगळे शिकून आलेल्या मुलीने पुन्हा बेडपॅन धुण्यापासून सुरुवात केली, आणि आपली फसगत झाली हे तिला वर्षभराने कळले. पुढे रात्री अभ्यास करून १९७३ मध्ये ती स्टेट रजिस्टर्ड झाली. या दहा वर्षांविषयी ती फार थोडे बोले, म्हणून मीही इथे थोडेच लिहितो.

रात्रपाळीविषयी मात्र एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्याच हिवाळ्यात तिने पत्रात लिहिले होते, की मी इथे आपल्या वेतोबासारखी रात्रभर फिरते आणि माझ्या चपला झिजतात. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करीत हिंडतो, म्हणून त्याला चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात आणि त्याही झिजतात, अशी श्रद्धा आहे. वडिलांनी ते पत्र वाचून दाखवले, तेव्हा आजी काही बोलली नाही. पण पुढच्याच आठवड्यात केळ्यांचा घड आणि चपलांचा नवा जोड घेऊन ती आरवलीला गेली. तो जोड वेतोबासाठी होता की मुलीसाठी, हे तिने देवापुढे कसे मांडले असेल ते देवच जाणे.

आता वॉकर आर्ट गॅलरीविषयी. लिव्हरपूलच्या मध्यवस्तीतली ही गॅलरी १८७७ मध्ये उघडली. आत्या तिथे पहिल्यांदा गेली ती कलेच्या ओढीने नव्हे. बाहेर बोचरा वारा होता, वसतिगृहाच्या खोलीतली शेगडी नाणे टाकल्याशिवाय पेटत नसे, आणि गॅलरीत पैसे न देता ऊब मिळे व बसायला बाके असत. हे ती अगदी सरळ सांगे. “थंडी नसती तर मी खंय जातंय!” पहिल्या दोन-तीन खेपांना ती नुसती बसून राहिली. मग कधीतरी तिने मान वर केली.

तिची बघण्याची रीत निराळी होती, आणि ती तिने कोणत्याही पुस्तकातून घेतलेली नव्हती. एका खेपेला एकच चित्र. आधी लांबून, मग जवळून, मग पुन्हा लांबून. ती हातांपासून सुरुवात करी. वॉर्डात पेशंटपाशी गेल्यावर तोंडाने तो “बरे आहे” म्हणतो, पण हात चादर चुरगाळत असतात, म्हणून आधी हात बघायचे, असे तिला शिकवलेले होते. तेच तिने चित्रांना लावले. मग त्वचेचा रंग, ओठांचा रंग, माणूस वजन कोणत्या पायावर टाकून उभा आहे, कोणाला बसायची गरज आहे. तिथे रेम्ब्रांटने १६३०च्या सुमारास काढलेले स्वतःचे एक तरुणपणचे चित्र आहे. ते पाहून, हातात दिवा घेऊन रात्री खाटेपाशी गेल्यावर पेशंटचा चेहरा असाच अर्धा दिसतो, असे ती म्हणाली होती. मी पुढे कलाविषयक थोडेफार वाचले, तेव्हा छायाप्रकाशावरची पानेच्या पाने पाहिली. आत्याचे ते एक वाक्य त्यांच्यापेक्षा कमी सांगते असे मला अजून वाटलेले नाही.

पण तिचे चित्र हे नव्हे. तिचे चित्र त्याच गॅलरीत, जेमतेम दीड फूट उंचीचे, सोन्याच्या पार्श्वभूमीवर रंगवलेले होते. सिमोने मार्तीनी या सिएना गावच्या चित्रकाराने ते १३४२ मध्ये काढले. बारा वर्षांचा येशू आईवडिलांना न सांगता यरुशलेमच्या मंदिरात पंडितांशी चर्चा करीत मागे राहतो, तीन दिवस शोधून ते दमतात, आणि सापडल्यावर आई त्याला जाब विचारते, असा बायबलमधला प्रसंग आहे. बहुतेक चित्रकार मंदिर आणि पंडित रंगवतात. या चित्रकाराने ते सगळे वगळून फक्त घरातली तीन माणसे ठेवली. आई बसलेली आहे, तिच्या मांडीवर पुस्तक उघडे आहे आणि एक हात मुलाकडे वळलेला आहे. बाप मुलाला आईकडे वळवू पाहतो आहे. आणि मुलगा उभा आहे, हात छातीशी घट्ट बांधून, ओठ मिटून. त्याच्या त्या बांधलेल्या हातांत पश्चात्ताप औषधालाही नाही. रागही नाही म्हणा. आपण केले ते केले, एवढेच त्या हातांत आहे.

आत्याने हे चित्र पाहिले तेव्हा तिला लॅटिन येत नव्हते. चौथ्या की पाचव्या खेपेला तिथल्या एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याने आपण होऊन तिला सांगितले, की आईच्या मांडीवरल्या पुस्तकात तिचे बोलणेच लिहिलेले आहे: “मुला, तू आमच्याशी असा का वागलास?” असां कित्याक केलंस. आत्या त्या दिवशी बाकावर जाऊन बसली आणि गॅलरी बंद व्हायची घंटा होईपर्यंत उठली नाही. १३४२ साली कोण्या इटालियन माणसाने वेंगुर्ल्याची चूल कशी पाहिली, असे तिला वाटत राहिले. त्यानंतर तिने त्या चित्रकाराची माहिती काढली, तेव्हा कळले, की तोही गाव सोडून गेलेला होता. पोपचा दरबार तेव्हा रोममध्ये नसून फ्रान्समधल्या आव्हिन्योंला होता, तिथे तो कामाला गेला आणि १३४४ मध्ये तिथेच वारला. हे चित्र त्याने तिकडेच, मरणाच्या दोन वर्षे आधी काढलेले. “चाकरमानीच तो,” असे ती म्हणे.

१९६५ मध्ये तिने त्या चित्राची छापील प्रत पुठ्ठ्याच्या नळीत घालून घरी पाठवली. सोबत खुलासा नव्हता. वडिलांनी ती बाजारात नेऊन तिला चौकट करून घेतली, आणि चौकटवाल्याने सवयीप्रमाणे देवाच्या तसबिरीला घालतात तसली नक्षीची पट्टी घातली. तिथून पुढे आजीची उदबत्ती.

एप्रिल १९६८ मध्ये ईनॉक पॉवेल या खासदाराने बर्मिंगहॅममध्ये बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले. हाच गृहस्थ १९६० ते १९६३ या काळात ब्रिटनचा आरोग्यमंत्री होता, आणि त्याच्या कारकिर्दीत परदेशी परिचारिका रुग्णालयांत भरती होतच होत्या. भाषणानंतरच्या आठवड्यात एका पेशंटने आत्याच्या हातून ड्रेसिंग करून घ्यायला नकार दिला. ती दुसऱ्या सिस्टरला बोलावून आली, आणि ड्रेसिंग होईपर्यंत ट्रे हातात धरून बाजूला उभी राहिली, कारण ट्रे धरायला कोणीतरी लागतेच. त्या रविवारी तिने मर्सी नदी ओलांडून पोर्ट सनलाइट गाठले. आपल्याकडच्या खाडीच्या तरीसारखीच तिथे नदीपार करणारी फेरी आहे, आणि पुढे थोडा आगगाडीचा प्रवास.

पोर्ट सनलाइट म्हणजे आमच्या विहिरीवर कपडे धुवायला असलेल्या सनलाइट साबणाचे गाव. लीव्हर नावाच्या साबणवाल्याने आपल्या कामगारांसाठी ते वसवले, आणि बायकोच्या स्मरणार्थ तिथे बांधलेली आर्ट गॅलरी १९२२ मध्ये उघडली. त्याने सुरुवातीला चित्रे विकत घेतली ती साबणाच्या जाहिरातींसाठी. चित्रांची गोडी नंतर लागली. हा साबण खोबरेल-पामतेलासारख्या वनस्पतींच्या तेलांपासून बनतो हे कळल्यावर आत्याने हिशेब मांडला होता, की या भिंतींवरच्या एखाद्या तरी चौकटीचा खिळा आमच्यासारख्यांच्या माडांवरून आलेला असणार. हिशेबाला आधार काहीही नव्हता, पण त्या गॅलरीत ती नेहमी हक्काने शिरे.

तिथे विल्यम होल्मन हंट याचे ‘द स्केपगोट’ हे चित्र आहे. आपल्या भाषेत बळीचा बकरा. सगळ्या समाजाची पापे एका बोकडाच्या माथी मारून, शिंगांना लाल पट्टी बांधून, त्याला रानात हाकलून द्यायचे, ही जुनी ज्यू प्रथा. चित्रकार १८५४ मध्ये थेट मृत समुद्राच्या काठी जाऊन बसला आणि तिथल्या मिठाच्या थरावर त्याने तो बोकड उभा केला. मागे जांभळे डोंगर, आजूबाजूला जनावरांची हाडे. त्या आठवड्यात या चित्रापुढे उभ्या राहिलेल्या बाईला त्यात स्वतःची गोष्ट दिसली असणार, असे मी धरून चाललो होतो, आणि अनेक वर्षांनी तिला तसे म्हणालोही. ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “त्येचे पाय बघितलंस? मिठात रुततत. ह्येका आदी सलाईन लावूक व्हया.” मला वाटले ती विषय टाळते आहे. आता तसे वाटत नाही. त्या बोकडात तिला प्रतीक दिसले नाही; पाय रुतलेले, अंगातले पाणी गेलेले एक जनावर दिसले, आणि चित्रकाराने ते तितके नेमके पाहिले म्हणून ते चित्र तिला आवडले. पेशंटने हात झिडकारला तरी त्याची जखम कशी भरते आहे हे तिने ट्रे धरून पाहिलेच होते.

१९७० मध्ये ती पहिल्यांदा रजेवर घरी आली. मी नऊ वर्षांचा होतो. सामान उतरवून, पाय धुऊन ती माजघरात आली आणि भिंतीवर आपले चित्र दत्तगुरूंच्या शेजारी बघून थबकली. तिन्हीसांज झाली होती. आजी उदबत्ती घेऊन आली, रांगेने फिरवत त्या चित्रापाशी पोहोचली, आणि मग, सात वर्षांनी भेटलेल्या मुलीकडे न बघता, तिने विचारले, “हो खंयचो देव गो?”

“देव नाय गे आये. चित्र असा.”

“मगे ही कोण?”

“आवस. झील घरात न सांगता गेललो. गावल्यार ती त्येका इचारता, असां कित्याक केलंस.”

आजीची उदबत्ती होती तिथेच थांबली. राख वाढत वाढत तिच्या बोटांपर्यंत आली होती, हे मला स्पष्ट आठवते, कारण ती केव्हा पडते याकडेच माझे लक्ष होते.

“मगे झील काय सांगता?”

“काय नाय. हात बांदून उभो असा.”

राख पडली. आजीने चित्राजवळ तोंड नेऊन त्या मुलाला पहिल्यांदाच नीट न्याहाळले. मग म्हणाली, “बरां. हेच्यापुढे आवशीक उदबत्ती दाखयतंय. झिलाक नाय.” आणि खरोखरच, त्या दिवसापासून तिची उदबत्ती आईपर्यंत, फार तर बापापर्यंत जाई आणि मुलाच्या आधी मागे फिरे. आत्या चार आठवडे घरी होती. त्या विषयावर दोघींमध्ये आणखी काही बोलणे झाल्याचे मी ऐकले नाही. पण निघण्याच्या दिवशी आजीने तिच्या पेटीत सोलांची आणि कुळथाच्या पिठाची पुरचुंडी स्वतः बांधून ठेवली, जी १९६३ मध्ये ठेवलेली नव्हती.

मधली चोवीस वर्षे मी सोडून देतो. पैसे येत राहिले, माझी आणि बहिणींची शिक्षणे झाली, घरावरची कौले बदलली, १९९० मध्ये आजी गेली. आत्याने लग्न केले नाही; का केले नाही, हे विचारण्याइतके आगाऊ आमच्यात कोणी निघाले नाही.

१९९४ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन ती कायमची वेंगुर्ल्याला आली. आता ही चित्रांवाचून इथे कशी राहणार, अशी मला शंका होती. ती शंका माझ्याच अडाणीपणाची होती. महिन्याभरात तिने मला स्कूटरवर मागे बसून कुडाळजवळच्या पिंगुळीला नेले. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी मी, इतक्या जवळ राहून, पाहिलेली नव्हती. कथेतल्या एकेका प्रसंगाचे एकेक सुटे चित्र, अशा चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीवर कथा गात एकामागून एक चित्र श्रोत्यांपुढे धरायचे. मोठाल्या डोळ्यांची, बाजूने दिसणारी, ताठ माणसे. कलाकार रामायण सांगत होता आणि आत्या खालचा कोपरा बघत होती. प्रत्येक चित्राचा तो कोपरा अंगठा लागून लागून काळवंडलेला होता, पिढ्यान्‌पिढ्यांचे अंगठे एकाच जागी. परतताना ती म्हणाली, की लिव्हरपूलला चित्राला हात लावला असता तर पहारेकरी धावून आला असता, आणि इथे हात लागल्याशिवाय चित्र पुढेच सरकत नाही. त्यानंतर ती तिथे वारंवार जात राहिली. याच पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ती हयात नव्हती.

२००१ मध्ये आम्ही म्हैसूरला गेलो, तेही एका चित्रासाठी. सावंतवाडीत १८८२ मध्ये जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे ते जलरंगातले चित्र जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचे समजतात, आणि हे ऐकले की आत्याचा पारा चढे. आमच्याकडचा माणूस, त्याने स्वतःच्या मुलीला समोर उभे करून रंगवले, आणि नाव दुसऱ्याचे! चित्रातल्या मुलीने वाऱ्यापासून ज्योत जपण्यासाठी आडवा हात धरला आहे, आणि उजेड बोटांतून पाझरतो आहे. आत्या तिथे अर्धा तास उभी राहिली. संध्याकाळी लॉजवर आल्यावर तिने खोलीतला दिवा मालवला, माझ्याकडची बॅटरी पेटवली आणि आपला सुरकुतलेला तळहात तिच्या काचेवर ठेवला. बोटांच्या कडा लाल झाल्या, मधे हाडांची सावली. तान्ह्या बाळांची शीर सापडत नसली की हाताखाली असाच दिवा धरतात, ती म्हणाली. हळदणकरांनी हा लाल बरोबर पकडला आहे, आणि जलरंगात चुकले की पुसता येत नाही. त्या अंधारात मी तिला, बरेच दिवस मनात असलेले, विचारून टाकले, की तुला इतके कळते तर तू स्वतः कधी कुंचला का हातात घेतला नाहीस? माझ्या स्वरात कीव होती, हे मला आज कळते. तिने बॅटरी बंद केली. “अरे, काढणारे काढतत. बघूक कोणतरी व्हया मां?”

कोकणात चित्र बाळगणे म्हणजे ओलीशी कायमचे भांडण. जून ते सप्टेंबर भिंती पाझरतात, कागदावर बुरशी चढते, वाळवी चौकटीच्या मागून येते. आत्या दरवर्षी मृगाच्या आधी ती सोनेरी तसबीर भिंतीवरून उतरवी, काच काढून कागद मलमलीत गुंडाळी आणि कपाटात सर्वांत वरच्या फळीवर ठेवी. आजीच्या काळातल्या उदबत्तीच्या धुराने सोने पिवळसर तपकिरी झाले होते. ते मात्र तिने कधी पुसायचा प्रयत्न केला नाही. २०१७ मध्ये ती अंथरुणाला खिळली आणि तसबीर उतरवायची राहून गेली. जुलैत माझ्या लक्षात आले, तोवर मुलाच्या बांधलेल्या हातांवर बुरशीचा पांढरा ठिपका उमटला होता. मी ओला बोळा घेऊन पुसायला निघालो, तर खाटेवरून आवाज आला, “हात लावू नको. आदी सुकांदे.” पंखा कोणत्या बाजूला, किती लांब ठेवायचा, ते तिने सांगितले. दोन दिवसांनी कोरड्या मऊ कुंचल्याने मी तो ठिपका झटकला. ती मान वळवून माझ्या हाताकडे बघत होती. आखणी चालू असावी तसा माझा श्वास रोखला गेला होता. डाग गेला, पण बाहीवर एक फिकट खूण राहिली. पंधरा दिवसांनी ती गेली. सुतकात त्या वर्षी आमच्याकडे चतुर्थीला पाट गेला नाही.

तसबीर आता पुन्हा माजघरात, जुन्याच जागी आहे. मृगाआधी उतरवायचे काम माझे. तिन्हीसांजेचा दिवा आणि उदबत्ती माझी पत्नी करते. ती १९८८ मध्ये या घरात आली, आजीजवळ दोन वर्षे आणि आत्याजवळ पुढची तेवीस वर्षे राहिली. मध्यंतरी मी पाहिले, की रांगेने उदबत्ती फिरवत ती शेवटच्या चौकटीपाशी आली, आईपुढे एक वळसा घेतला, बापापुढे अर्धा, आणि मुलापाशी हात आवरता घेऊन परत फिरली. हे तिला दोघींपैकी कोणी सांगितले, ते मी विचारलेले नाही.